साठ अँपिअरचा जोड

हातोडीचा दुसराच घाव बसला आणि नळीला जोडलेली पट्टी निखळून अंगणात पडली. जोड सुटला होता तिथे पट्टी आधीसारखीच गुळगुळीत होती. म्हाताऱ्या वेल्डरने ती उचलून पाहिली.

नमुन्याचा तुकडा होता तो. तशाच जोडाची चौकट त्याने सकाळी बायकोच्या पलंगावर उभी केली होती. वरच्या नळीला जाड पट्टी, पट्टीला ओढ सुटली तरी वजन धरून ठेवणारी साखळीची कप्पी आणि कप्पीखाली झोळी. बायकोचे पाय लुळे पडल्यापासून तोच तिला उचलून खुर्चीत बसवायचा. आता त्याच्या कमरेने दगा दिला होता.

"अहो, काय आपटलं? मला कधी उचलताय? पाठीला मुंग्या आल्यात."

तो तुकडा घेऊन आत आला. "आत्ता नाही."

"का? जोड तर मशीनवर शिवल्यासारखा दिसतोय."

"दिसतोय. धरलेला नाही." त्याने पट्टीवर तिचं बोट फिरवलं. "नळी पातळ, पट्टी जाड. नळीला भोक पडेल म्हणून घाबरलो. वेल्डिंगची बारीक रॉड घेतली, करंट साठ अँपिअरवर ठेवला. रॉड वितळली, पट्टी वितळलीच नाही. फरशीवर मेण सांडतं ना, तसं नुसतं वर बसलं."

तिने छताकडे, डोक्यावरच्या चौकटीतल्या पट्टीकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही घाबरलात म्हणून मी पडले असते."

"हो."

"मग आता घाबरू नका."

"घाबरणार. पण करंट वाढवून."

चौकट खोलून त्याने अंगणात नेली, जुना जोड घासून काढला. सव्वातीन मिलीची जाड रॉड लावली, करंट एकशे दहावर नेला. पहिल्याच नमुन्यात नळीला भोक पडलं. दुसऱ्या वेळी त्याने रॉड पट्टीकडे कलती धरली. आधी जाड लोखंडाला पोटभर ताप दिला, मग वितळलेला रस नळीवर हळूच टेकवला. नमुना गार झाल्यावर त्याने हातोडी घातली. पट्टी वाकली, जोड हलला नाही. मग तसाच जोड चौकटीला दिला.

चौकट पुन्हा पलंगावर चढली.

"आधी तुम्ही बसा," ती म्हणाली.

तो झोळीत बसला आणि त्याने साखळी ओढून स्वतःलाच वर घेतलं.

"अगदी वाळत घातलेल्या गोधडीसारखे दिसताय!"

जोडाने त्याचं वजन पेललं. मग तिचा नंबर आला. तिच्याखाली झोळी सरकवून तो साखळी ओढू लागला. पाठ उचलली, कंबर उचलली, अंथरुणावरून टाचा सुटल्या. कप्पी करकरली. त्याचा एक हात साखळीवर होता, दुसरा तिच्या कमरेखाली पसरलेला.

"अहो, तो हात काढा की. दोन्ही हातांनी ओढा, लवकर होईल."

"हो," तो म्हणाला आणि एकाच हाताने साखळी ओढत राहिला.