लाल ठिपक्याची बाजू

माणसाच्या हाती आलेल्या प्रत्येक शक्तीला विवेकाचा लगाम हवा, असं कंपनीच्या दारावरच पितळी अक्षरांत लिहिलं होतं. लगाम धरायला नेमलेल्या माणसाला प्रिंटरच्या मागे जागा मिळाली होती आणि त्याच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता.

या माणसाने उभी हयात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं होतं. विभागाला टाळं लागलं तेव्हा तो इथे आला. ऑफिसातली पोरं त्याला नीतीकाका म्हणत.

कंपनी शाळांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्राम बनवत होती. कुठलं मूल पुढे नापास होणार हे तो आधीच ओळखायचा आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल ठिपका द्यायचा. शिक्षकांनी अशा मुलाकडे जास्त लक्ष द्यावं, हा हेतू. ज्या शाळेत चाचणी चालली होती, तिथल्या शिक्षकांनी सोयीचा अर्थ काढला: पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार?

काकांची भाची त्याच शाळेत सहावीत होती. वडील इस्पितळात असताना तिची शाळा बरीच बुडाली. यंत्राने गैरहजेरी मोजली. कारण विचारायची त्याला सवय नव्हती.

"दादा, ती हात वर करते तरी बाई बघत नाहीत," बहीण फोनवर म्हणाली. "काल म्हणते, आई, मी ढ आहे हे कम्प्युटरला कळलंय, मग दप्तर कशाला भरू? तू तिथे नीतीचा माणूस ना? एक ठिपका पुसता येत नाही तुला?"

सोमवारी प्रोग्राम सगळ्या शाळांत जाणार होता. तो लिहिणाऱ्या मुलीला काकांची दया आली.

"काका, तुमच्या भाचीचा ठिपका मी गुपचूप हिरवा करते. कुणाला पत्ताही लागायचा नाही."

"आणि बाकीच्या पोरांचं?"

"त्यांचे मामा इथे नोकरीला नाहीत."

"म्हणूनच नको. ठिपकेच काढायला लावतो. शुक्रवारी साहेबांनी वेळ दिलीय."

बोलून गेल्यावर त्यांना भाचीचं न भरलेलं दप्तर आठवलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

काकांची एक जुनी शिस्त होती. वादात आधी समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडायची आणि मगच ती खोडायची. वर्गात याला पुरा तास लागायचा. साहेबांनी अर्धा दिला होता.

शुक्रवारी काकांनी आधी ठिपक्याची बाजू मांडली. लाल ठिपका म्हणजे वेळीच मारलेली हाक, म्हणाले. डॉक्टर आजार लपवत नाही, मग शाळेने का लपवावा, असंही म्हणाले. साहेब खुर्चीत पुढे सरकले. मोबाइलवर चित्रण करणाऱ्या जाहिरातवाल्या बाईंचे डोळे पाणावले.

"सर, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं," साहेब म्हणाले.

"हा पूर्वपक्ष झाला. आता—"

दारावर टकटक झाली. खोली पुढे खुर्च्यांच्या खरेदीच्या मीटिंगला दिलेली होती.

"साहेब, थांबा. मी अजून मुद्द्यावर यायचोय. हे सगळं चूक आहे."

"विनय बघा यांचा," साहेब बाईंना म्हणाले. "एवढं सुंदर बोलून वर म्हणतात, चूक आहे."

काका लिफ्टपर्यंत मागे धावले. "साहेब, पोरं बुडतील हो. माझ्या घरातलीच एक बुडतेय."

"म्हणून तर, सर. डॉक्टर आजार लपवत नाही," साहेब म्हणाले, आणि लिफ्टचं दार मिटलं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "तुझा व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर आलाय." तिने फोन ठेवला नाही. मागून भाचीचा आवाज येत होता, "मामा पण तेच म्हणतो ना?"

काका उठून प्रोग्रामवाल्या मुलीच्या टेबलाशी गेले. तत्त्व गिळलं.

"तू म्हणाली होतीस ना, ते कर. फक्त तिचा. पाया पडतो तुझ्या."

"काका, दुपारीच सगळं कुलूपबंद झालं. आता साहेबांनाही एक ठिपका हलवता येत नाही." ती खाली बघत म्हणाली, "वशिल्याने बदल होऊ नयेत म्हणून तो नियम तुम्हीच घालायला लावला होता."

सोमवारी काकांना नवी खुर्ची मिळाली. तिचे चारही पाय सारखे होते.