पात्याखालचे चाक

मी एक जुने चाक आहे, गवत कापायच्या यंत्राचे. मित्रांनो, मी आयुष्यात गवताची एक काडीही कापलेली नाही. तेव्हा माझी गोष्ट तुम्ही का ऐकावी, हे मलाच नीट कळत नाही. लोहाराने मला घडवले ते पाते जमिनीपासून वर उचलून धरण्यासाठी. पात्याला धार मिळे, कौतुक मिळे. मी आपले चिखलात.

पण जमिनीलगत राहून मी एक नवल पाहिले. कापणीनंतरच्या सकाळी प्रत्येक बुडख्याच्या मधून एक कोवळे पान कापल्या रेषेच्या वर आलेले असे! बुडख्यात उरलेल्या शिदोरीवर गवत पुन्हा उठे. दरवेळी मी थक्क होई.

माझ्या मालकीणबाई, म्हणजे घरच्या सासूबाई, आणि त्यांची सून मिळून शेत पाहत. एका वर्षी सून आजारी पडली आणि अर्ध्या शेतातली गवताची ठोंबे लावायला थंडी उजाडली. ते उशिराचे गवत दिसायला हिरवे, पण मुळे वरवरचीच. त्यातच गाय व्याली आणि गोठ्यातला चारा संपला. सासूबाईंनी पात्याची उंची धरणारी माझी खीळ काढून पाते अगदी खाली आणले.

"आई, जरा वर ठेवू या ना," सून म्हणाली.

"वर ठेवलेलं कोण खाणार? तू?"

"वाढलंत तर खाईन. पण हे मेलं तर पुढं गाईला काय घालायचं?"

सासूबाईंनी ऐकले नाही. उशिराच्या भागातली पहिलीच ओळ संपता संपता एक ठोंब मुळांसकट पात्यात आले. त्यांनी इंजिन बंद केले. केसांसारखी ती मुळे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग खाली बसून त्यांनी स्वतःच पाते चार बोटे उंच केले.

"आज गाईला कमी पडेल हं," सून हळूच म्हणाली.

"ओरडेल जरा. तुझे सासरे रोज ओरडतात, आपण मेलो का?"

सकाळी दोघी वाकून पाहू लागल्या. पहिल्या ओळीत नुसती तपकिरी टोके होती. पुढे मात्र बुडख्याबुडख्यातून हिरवे टोक वर आले होते. सासूबाईंनी एकाला बोट लावले, तान्ह्या बाळाच्या गालाला लावावे तसे.

"उठलं गं बाई," त्या पुटपुटल्या.

आता माझी धाव, कडेची लोखंडी पट्टी, तुटली आहे. मी बांधाकडेला पडून असतो. मित्रांनो, मला भंगारात न्यायचे तर खुशाल न्या. फक्त हिसका देऊन ओढू नका. माझ्या आऱ्यांमधून गवत वर आले आहे. ते आधी हाताने मोकळे करा; आणि कापणारच असाल, तर थोडे खाली राहू द्या.