काट्याची कील

मी एक जुना ठिपका आहे. मित्रांनो, हसू नका! कुरुंदा गावात लग्नाचे व्हिडिओ जोडायचं सरिताताईंचं दुकान आहे. तिथल्या संगणकात माझा मुक्काम. पडद्यावरचं चित्र फिरवायचं म्हटलं, की ते माझ्याभोवती फिरतं. नवीन चित्र आलं, की मी आपोआप त्याच्या मध्यावर बसतो. मला स्वतःहून हलता येत नाही. कुणीतरी माउसने धरून सरकवावं लागतं.

आठ वर्षं मी नवरानवरींचे फोटो गरगर फिरवले. लोक म्हणायचे, "वा, सरिताताई!" माझं नाव कुणी घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटायचं.

पण परवा माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. तांड्यावरच्या धनसिंगकाकांनी हळद शिजवायच्या बॉयलरचा व्हिडिओ करायला सांगितला होता. गेल्या वर्षी वाफेचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा लाल रेषेवर असताना त्यांनी झाकण उघडलं आणि वाफेने त्यांचा हात भाजला. आता दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मुलगी शिला पहिल्यांदाच बॉयलरवर उभी राहणार होती. तिला हा व्हिडिओ दाखवायचा होता.

ताईंनी मीटरच्या चित्रावर काट्याचं चित्र ठेवलं आणि फिरवलं. मी मात्र काट्याच्या पोटात बसलेलो! काटा जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरला. खाली 'दाब वाढला' अशी अक्षरं आली, तरी तो हिरव्याच भागात. ताईंनी बॉयलर कधी जवळून पाहिला नव्हता. त्यांचं सगळं लक्ष अक्षरांच्या रंगात. हे पाहून शिला बेधडक झाकण उघडेल, या विचाराने मी कासावीस झालो. पण ओरडायला मला तोंड कुठे होतं?

तेवढ्यात काका व्हिडिओ बघायला आले.

"काहून असा फिरून राहिला हा?" ते म्हणाले. "याची कील बुडाला असती पोरी, पोटात न्हाई."

"फिरून तर राहिला की, काका."

"फिरून राहिला, पण खोटं सांगून राहिला."

ताई चपापल्या. त्यांनी मला धरलं आणि काट्याच्या बुडाशी, जिथे तो खिळलेला असतो तिथे, मीटरच्या बरोबर मध्यावर आणून बसवलं. पुन्हा चालवून पाहिलं. काटा सरसर चढला, लाल रेषेला टेकला, आणि काकांनी भाजलेला हात झटकन पोटाशी ओढून घेतला.

ताईंनी लगेच तोच व्हिडिओ शिलाला पाठवला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काही फिरवण्याआधी ते कशावर फिरतं, हे त्या कामात हात भाजलेल्या माणसाला विचारा. मग मला तिथे नेऊन बसवा. माझं मला जाता येत नाही.