विस्तव मागायला

मुरुममध्ये आमच्या गल्लीत सगळ्यांत आधी चूल पेटायची ती चाँदपाशा पिंजाऱ्याची. पहाटेची नमाज झाली की त्याला चहा लागे. जर्मनच्या लढाईच्या दिवसांत काडेपेटी मिळेनाशी झाली, पण पिंजाऱ्याच्या घरी चकमक होती आणि ठिणगी धरायला कापूस होता; तेव्हापासून गल्लीतल्या बायका त्याच्या बायकोकडून, हमिदाबीकडून, विस्तव आणू लागल्या. माझी बायको शांतम्मा खापरीत गोवरीचा तुकडा घेऊन जाई आणि तो पेटवून आणी. माझी आई आचाराला कडक. त्या घरचे पाणी तिला चालत नसे, विस्तव मात्र चालत असे.

निजामाचे राज्य गेले, त्या भाद्रपदात बाहेरगावची काही माणसे आली आणि चौकशीला म्हणून गावातल्या चार-पाच जणांना घेऊन गेली. त्यांत चाँदपाशा होता. तेव्हा तो आमच्याच गादीचा कापूस पिंजत होता.

"मास्तर, गादी राहू द्या तशीच," जाताना तो म्हणाला. "आल्यावर भरतो."

मी चावडीवर जाऊन विचारले. उमरग्याला विचारा म्हणाले. उमरग्यात म्हणाले, धाराशिवला विचारा. धाराशिवला कुणाला विचारायचे, ते कोणी सांगेना. मी शाळेत मुले शिकवणारा माणूस. मोठ्याने विचारायची सवय नव्हती. पण मोठ्याने विचारले असते तरी उत्तर मिळाले असते की नाही, कोण जाणे.

हमिदाबीच्या घरातून धूर निघेनासा झाला.

"सोमलिंग, उपाशी मरंल रे ती," आईच म्हणाली. "भाकरी धाड तिकडं."

शांतम्मा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून निघाली. मी दाराबाहेर उभा राहिलो. हमिदाबीने फडके उघडून पाहिले आणि पुन्हा गाठ मारून परत दिले.

"क्या गे शांतम्मा, माझ्या घरात मयत झाली का?"

आमच्यात काय, त्यांच्यात काय, माणूस गेलेल्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारी भाकरी नेऊन देतात. एवढी साधी गोष्ट आमच्या तिघांपैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

"न्हाय वो भाभी, तसं कुठं..."

"मग ने ती. माझा माणूस येणार हाय."

घरी आल्यावर मी म्हणालो, "मी समजावून सांगू का त्यांना?"

"तुमी काय सांगनार? पुस्तकातलं काय तरी सांगाल."

दुसऱ्या दिवशी, मी कंदिलासाठी जपून ठेवलेल्या काड्यांतली एक ओढून शांतम्माने पहाटेच चूल पेटवली. मग खापरी घेऊन निघाली.

"अगं, पेटलीय की!" आई म्हणाली.

"असू द्या."

हमिदाबी भिंतीला टेकून बसली होती.

"भाभी, विस्तव द्या."

"न्हाय आज. दुसरीकडं जा."

"दुसरीकडं कुठं? माणिकप्पाच्या बायकोकडं? एक निखारा देईल आन् वरीसभर सांगत फिरंल. पेटवा की तुमी. म्या बसते. आमची म्हातारी चहासाठी जीव खातीय माझा."

गोवऱ्या सादळलेल्या होत्या. बऱ्याच वेळाने हमिदाबीच्या छपरातून धूर निघाला. पेटलेली चूल वाया का घालवायची म्हणून तिने एक भाकरी थापली. शांतम्मा निखारा घेऊन आली आणि आमच्या पेटत्या चुलीत टाकला. आईने पाहिले आणि चहाचे आधण चुलीवर ठेवले.

मग हे रोजचेच झाले. दसरा गेला, दिवाळी गेली. मला ते कधी बरोबर वाटे, कधी नाही. हमिदाबीला आपण उगाच आशेला लावतोय की काय, असे मी एकदा शांतम्माला विचारले.

"मग दुसरं काय करू, ते सांगा," ती म्हणाली.



थंडी पडू लागली होती. एके दिवशी दुपारी दादामियाँ परत आला. चाँदपाशाबरोबर नेलेल्यांपैकी तो एक. स्वतःच्या घरी न जाता तो लंगडत आधी हमिदाबीच्या दारात गेला. तो काय बोलला ते ऐकू आले नाही. मग खाली मान घालून निघून गेला. घरातून रडण्याचा आवाज आला नाही.

सकाळी शांतम्मा खापरी हातात धरून उंबऱ्यात उभी राहिली. जावे की नाही, तिला कळेना. मलाही कळेना. शेवटी ती निघाली, मी मागोमाग दारापर्यंत गेलो.

हमिदाबी चुलीपुढे बसली होती. राख काढून चूल स्वच्छ झाडलेली होती.

"भाभी, विस्तव..."

"आज विस्तव न्हाय गं," हमिदाबी म्हणाली. मग म्हणाली, "आज भाकर आण."

आम्ही घरी आलो तेव्हा आमची न भरलेली गादी ओसरीवर तशीच गुंडाळलेली होती. शांतम्माने परातीत पीठ घेतले. रिकामी खापरी ती माळ्यावर टाकणार, तेवढ्यात आई म्हणाली,

"वर नको टाकू. हाताशी असू दे."