थोरलीचा श्वास

हॉलमधले दिवे मालवले, की दीडशे माणसं चिडीचूप व्हायची. मग लाउडस्पीकरमधून तो आवाज यायचा. श्शू... श्शू... श्शू... अगदी आपल्या कानाशी कुणीतरी झोपलंय असं वाटायचं. मी बावीस वर्षं दवाखान्यात बाळंतपणं केलेली नर्स. तरी माझ्याही अंगावर काटा आला, हे कबूल करते.

"ऐका!" कानबाबा कुजबुजले. "गेलेलं लेकरू पोटात परत आलंय. श्वास घेतंय. मी नाही हं बोलत, मशीन बोलतंय. मशीन कधी खोटं बोलतं का?"

कानबाबा म्हणजे पूर्वी लाउडस्पीकर भाड्यानं देणारे गृहस्थ. तो धंदा बसला आणि त्यांना साक्षात्कार झाला. स्टेथोस्कोपच्या नळीत माईक खुपसला, अंगावर शाल घेतली, झाले महाराज!

त्या दिवशी नळी पोटाला लावून खाटेवर माझी धाकटी भावजय होती; मी तिच्यासोबत आले होते. आठवा महिना. दोन वर्षांपूर्वी तिची पहिली मुलगी पोटातच गेली, कारण वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, वेळेआधी सुटली होती. पण 'मीच तिला उपाशी मारलं' हे हिनं मनात धरलं ते धरलंच. आता दर आठवड्याला ती इथं मेलेल्या लेकीचा श्वास ऐकायला यायची. घरी भरदुपारी रिकाम्या खोलीशी बोलायची, मध्येच थांबून उत्तर ऐकल्यासारखी मान हलवायची. मला तिची भीती वाटू लागली होती.

"थोरली भुकेली आहे," कानबाबा म्हणाले. "धाकट्याच्या वाट्याचं पितेय. तिला आज निरोप द्यायला हवा."

त्यांनी काढ्याचा पेला पुढे केला. हाच काढा पिऊन गेल्या महिन्यात दोघीजणी रक्तस्राव होत आमच्या वॉर्डात आल्या होत्या. एकीचं बाळ वाचलं नाही.

भावजयीनं पेला घेतला. "निरोप देते. पण आणखी एकदाच ऐकू द्या."

मी उठून तिच्यापाशी गेले. "ऐक की. फक्त मनगट माझ्याकडे दे."

तिच्या नाडीवर बोटं ठेवली आणि प्रत्येक ठोक्याला दुसऱ्या हातानं खाटेच्या दांडीवर टकटक केलं. श्शू, टक. श्शू, टक. एकही चुकला नाही.

"थोरलीचा श्वास आईच्या नाडीवर कसा काय चालतो हो?"

"ताई, मायलेकींची ओढ असते ती!"

"असं का?" मी रांगेतल्या एका गरोदर बाईला बोलावलं आणि नळी तिच्या पोटाला लावली. तोच आवाज, तस्साच. "तुमचं कुठलं मूल गेलं?"

"गेलं? काहीतरीच काय! हे माझं पहिलंच आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, कुणीतरी दिवे लावले. कानबाबांनी घाईघाईनं मशीन बिघडल्याचं जाहीर केलं. मशीन छान चालू होतं.

"हे आईचं रक्त आहे," मी सगळ्यांना सांगितलं. "गर्भ रुजतो तेव्हा त्याच्याच पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात, त्यांना मुळांसारखे फाटे फुटतात, आईच्या रक्तवाहिन्या त्या रुंद करून घेतात. आईच्या अस्तरात रुजलेली हीच वार. दोघांचं रक्त मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्न बाळाकडे जातं, नको ते परत येतं. दर ठोक्याला तिकडे धावणाऱ्या रक्ताचा हा आवाज. यात भूत नाही, बाबांनो. अंधारात बसवून कुणी काही ऐकवलं तर आधी दिवे लावा, मग प्रश्न विचारा. आणि गरोदर बाईच्या तोंडात डॉक्टरांना न विचारता थेंबही घालू नका."

भावजय माझ्याकडे बघत होती. "म्हणजे ती नव्हतीच?"

"नव्हती." हा एक शब्द मला फार जड गेला.

तिनं हातातल्या पेल्याकडे पाहिलं. "आणि तिच्या वेळी? तेव्हा हा आवाज होता?"

"होता. वार सुटेपर्यंत. तू तिला उपाशी नाही ठेवलंस गं. तुझं रक्त तिच्यासाठी वारेकडे धावतच होतं."

तिनं काढा जमिनीवर ओतला. मग नळी स्वतःच पोटाला लावली आणि भर उजेडात, सगळ्यांसमोर, ओक्साबोक्शी रडत स्वतःचं रक्त ऐकत बसली.