साठपैकी एक्कावन्न

हॉस्पिटलची लाँड्री महिनाअखेर बंद होणार, कपडे बाहेर धुवायला जाणार, हे कळलं तेव्हा मावशी थेट मेट्रनबाईंकडे गेल्या. बावीस वर्षं त्या तिथे चादरींच्या ढिगात होत्या आणि मोठ्या डॉक्टरांपासून सगळे त्यांना मावशीच म्हणत. मेट्रनबाईंनी एक दार किलकिलं ठेवलं. ऑपरेशन थिएटरात हत्यारं मांडायला माणूस हवं होतं. साठ हत्यारं बघून ओळखायची. बावन्न बरोबर आली तर नोकरी, नाहीतर हातात नारळ.

मावशींनी पदर खोचला. चपलांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून साठ पत्ते केले, पुढे चित्र, मागे नाव. पंधरा दिवस ते पत्ते त्यांच्यासोबत जेवले, चहा प्यायले, उशाशी झोपले. सोळाव्या दिवशी साठच्या साठ तोंडपाठ. मावशींचे पाय जमिनीवर ठरेनात. ॲलिस आणि बॅबकॉक या चिमट्यांबद्दल तर त्या शेजाऱ्यांबद्दल बोलावं तशा बोलू लागल्या, "ॲलिसला दात आहेत हो, बॅबकॉक बिचारा बोळका."

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. 'चालतंय' म्हणून आणलेलं घड्याळही आधी उघडून बघणारा माणूस. ते पत्ते घेऊन समोर बसले.

"हे?"

"मॉस्किटो."

"हे?"

"बॅबकॉक."

"आणि हे?"

"टॉवेल क्लिप."

घड्याळजी थांबले. "अगं, चित्र तर माझ्या अंगठ्याखाली आहे."

"असू दे की. टॉवेल क्लिपवर चहा सांडलाय. बॅबकॉकचा कोपरा दुमडलाय. मॉस्किटोवर तेलाचं बोट आहे." हे मावशी मोठ्या अभिमानानं सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

घड्याळजींनी चित्रांच्या नव्या, डाग नसलेल्या प्रती काढून आणल्या. मावशींना एकोणीस आली. ॲलिसला दात असतात हे पाठ होतं, पण चित्रात ते कुठे असतात हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. परीक्षेला आठ दिवस उरले होते. मावशींचे डोळे भरून आले, आणि मग आपण पंधरा दिवस साठ डाग पाठ केले हे आठवून त्यांना असं काही हसू फुटलं की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली.

घड्याळजींनी नवा नियम काढला. "नाव नंतर सांग. आधी बोल, येणार की नाही येणार. गुण अंदाजाला."

पहिल्या दिवशी मावशी सगळ्यांना 'येणार' म्हणाल्या आणि सपाटून पडल्या. रस्त्यात हसून बोलणाऱ्याचं नावच आठवू नये, तशी त्यांची त्या हत्यारांशी ओळख होती. येतं ते पुन्हा पुन्हा घोकायला गोड लागतं, म्हणून घड्याळजींनी येणारे पत्ते सरळ खिशात घातले. चौथ्या दिवशी मावशी छातीठोकपणे 'नाही येणार' म्हणाल्या, खरोखरच आलं नाही, आणि गुण मिळाला. आपल्याला काय येत नाही हे आपल्याला येतं, या आनंदात त्यांनी दूध उतू घालवलं.

परीक्षेच्या दिवशी हिरव्या कापडावर साठ हत्यारं नंबर लावून ठेवली होती. पेपर गोळा करताना मेट्रनबाई प्रत्येकाला एकच विचारत, "किती बरोबर येतील?"

मावशींच्या आधीचे दोघे म्हणाले, "सगळी."

मावशींनी पेपर पुढे केला. आठ दिवसांत खोटा अंदाज सांगायची सवयच मोडली होती. "एक्कावन्न," त्या म्हणाल्या. "सात जागा कोऱ्या सोडल्यात. सत्तावीस आणि चव्वेचाळीस अंदाजानं ठोकून दिलीत, ती चुकली." म्हणजे नोकरी एका गुणानं गेली, हे त्यांना मेट्रनबाईंच्या आधी कळलं होतं.

मेट्रनबाईंनी लाल पेन फिरवलं. सात जागा कोऱ्या. चव्वेचाळीस चूक. सत्तावीसवर मात्र पेन थबकलं आणि टिक झाली. "बावन्न. पास झालात, मावशी."

"सत्तावीस बरोबर कसं?" मावशींना राहवेना. "ते मला येत नाही."

"आलं की."

"आलं नाही बाई, ठोकलेलं लागलं."

"मग खोडू?" मेट्रनबाईंनी पेन उचललं.

मावशींनी दोन्ही हात पेपरवर ठेवले. "खोडू नका. पण बाजूला लिहा, हिला हे येत नाही म्हणून."

मेट्रनबाईंनी खरंच लिहिलं आणि खाली सही केली. "चुकीचं हत्यार ऐटीत पुढे करणारी माणसं मी खूप पाहिली," त्या म्हणाल्या. "सोमवारी सातला या. आधी सत्तावीस शिकू."

बाहेर घड्याळजी पायरीवर ताटकळत उभे होते. मावशींचा चेहरा बघून त्यांना काही अंदाज येईना. "काय झालं?"

"पास," मावशी म्हणाल्या. "पण अंदाज एकानं चुकला हो." आणि हसता हसता त्यांना तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, पायरीवर बसावं लागलं.