मी गुठळी नाही

मित्रांनो, मी एक जुनी कुपी आहे. औषधाच्या दुकानातली मोठी कुपी नव्हे, खसखशीच्या दाण्याहून लहान. मेणाचं पातळ कवच आणि आत औषधाचा एक पिवळसर कण, एवढाच माझा संसार. जन्मापासून मी भित्री. पण माझी गोष्ट ऐकलीत तर तुम्ही मला हसणार नाही.

सौंदर्यप्रसाधनांच्या एका प्रयोगशाळेत रसायनं बघणाऱ्या बाईंनी आम्हा हजारो बहिणींना घडवलं. आमच्यातलं औषध त्वचा नितळ करतं, पण स्वभावानं फार तापट. हवा लागली की बिघडतं आणि एकदम सगळं अंगावर आलं तर गाल भाजल्यासारखे होतात. म्हणून त्याला आमच्या पोटात कोंडलेलं. बोटानं हलकेच चोळलं की थोड्या जणींनी फुटायचं, बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. आम्हाला मलमात मिसळताना बाई यंत्राजवळ उभ्या राहून पुटपुटायच्या, "हळू गं बाई, हळू." त्या कौतुकानं मी फुगायचे आणि फुगून फुटेन की काय म्हणून पुन्हा घाबरायचे.

पहिली डबी बाईंनी आपल्या थोरल्या बहिणीला दिली. ही ताई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. शेगडीच्या धगीनं तिचे गाल काळवंडले होते. बाई घाईत होत्या. "रोज थोडंसं लाव," एवढंच सांगून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं मलम बोटावर घेतलं, आमचे दाणे तिच्या बोटाला लागले आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एवढी शिकली, पण गुठळ्या काही मोडता येत नाहीत हिला!" वीस वर्षांत ताईच्या पातेल्यात एक गुठळी राहिली नव्हती. तिनं मलम वाटीत काढलं, वाटी गरम पाण्यात ठेवली आणि चमचा उचलला.

मित्रांनो, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. कवचं मऊ पडत होती, चमचा त्यांना वाटीच्या कडेला रगडत होता आणि माझ्या बहिणी पटापट फुटत होत्या. मी तेवढी झाकणाच्या आट्यांत अडकून राहिले होते. माझी तर पाचावर धारण बसली. लोण्यासारखं झालेलं मलम ताईनं गालांना भरपूर चोपडलं, उरलेलं डबीत भरलं आणि लेकीला म्हणाली, "छकुले, थंडीनं तुझेही गाल फुटलेत ना? संध्याकाळी तुलाही लावते."

सहा वर्षांची पोर, आणि तिचे ते आधीच फुटलेले गाल! दिवसभर मी भीतीनं अर्धमेली झाले. ओरडायला मला तोंड नाही.

संध्याकाळी छकुली शाळेतून आली. ताई अजून यायची होती, पण पोरीला धीर कुठला? झाकण फिरलं. तिचं बोट मलमात बुडालं आणि गालाकडे निघालं. तेवढ्यात दार उघडलं. दारात ताई उभी होती. तिचे गाल लालबुंद होऊन सुजले होते. तिनं धावत येऊन छकुलीच्या हातावर फटकन मारलं. आजवर तिनं लेकीवर कधी हात उगारला नव्हता. छकुली भोकाड पसरून रडायला लागली. ताईनं तिचं बोट नळाखाली धरलं आणि ती स्वतःही रडू लागली.

निरोप मिळताच बाई धावत आल्या.

"ताई, त्या गुठळ्या नव्हत्या गं. औषध त्यांच्यातच होतं."

"मग सांगायचं नाहीस का?"

बाईंनी मलम टाकून दिलं. झाकणात एकटी सापडलेली मी आता त्यांच्या टेबलावर एका काचपट्टीवर असते.

ताईचे गाल बरे व्हायला दोन आठवडे लागले. आता प्रत्येक डबीवर ठळक लिहिलेलं असतं, 'दाणे मोडू नका. मुलांना लावू नका.' मित्रांनो, फुटायची मला आता भीती नाही, मी जन्मले त्यासाठीच. भीती वाटते ती न विचारता सुधारायला निघालेल्या हातांची आणि न सांगता निघून जाणाऱ्या पावलांची. वस्तू देताना दोन शब्द सांगा, घेताना दोन शब्द विचारा.

छकुली अजून मावशीच्या टेबलाशी येते. पण डबी दिसली की दोन्ही हात पाठीमागे लपवते.